बोरघाटातले पंचवीस बोगदे

१४. 'पंचवीस बोगदे' : १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाट रेल्वेमार्गावरचे मूळचे बोगदे. चढ ३७ फुटांमागे १ फूट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर पत्नी ॲलिसने काम तडीस नेले. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवावी लागे. ही कसरत १९२९ मध्ये संपली. बोगदा आला की खिडकी ओढायची, नाहीतर कोळशाचे कण डोळ्यांत. मुंबईला जाताना नांदेडकर मनमाडला गाडी बदलून कसारा घाट उतरत. लातूरकर मात्र बार्शी लाईट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून (लातूरला १९११ पासून) कुर्डुवाडीला येऊन मोठ्या गाडीत बसत आणि बोरघाट उतरत. कुर्डुवाडी-लातूर रुंदीकरण २००८ मध्ये पुरे झाले. ही अदलाबदल तेव्हापासून संपली.