एका चित्राची कुळकथा

फ्रेडरिक एडविन चर्च या अमेरिकन निसर्गचित्रकाराचे पूर्वचरित्र सर्वश्रुत आहे : १८२६ साली हार्टफर्ड येथे जन्म, कॅट्स्किल येथे टॉमस कोल यांच्यापाशी शिक्षण, आणि १८५७ च्या ‘नायगारा’ने लाभलेली कीर्ती. परंतु १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘हार्ट ऑफ दि अँडीज’ हे सुमारे दहा फूट रुंदीचे एकच चित्र खिडकीसारख्या भव्य चौकटीत, पडद्यांच्या मध्ये मांडले गेले आणि पंचवीस सेंट भरून बारा हजारांहून अधिक लोकांनी ते पाहिले, त्या मांडणीचे मूळ कोणते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

प्रचलित मत असे, की हे मूळ पॅनोरामाच्या व्यवसायात आहे. १७८७ साली रॉबर्ट बार्कर याने त्या गोलाकार चित्राच्या कल्पनेची सनद मिळविली, आणि १८१८ साली चित्रकार व्हँडरलिनने त्याकरिता न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र वास्तूही उभारली. मांडणीतील थाट तेथून आला, हे मला मान्य आहे. पण बार्करचा पॅनोरामा एका स्थळाचा हुबेहूब आभास घडवितो, तर चर्चच्या चित्रातला देखावा पृथ्वीवर कोठेच नाही. उष्ण कटिबंधातील दाट वृक्षराजीपासून चिंबोराझोच्या हिमशिखरापर्यंतचे सारे स्तर त्याने एका दृष्टिक्षेपात आणले आहेत.

आणि नेमकी हीच अपेक्षा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’च्या दुसऱ्या खंडात व्यक्त केली होती! चित्रकारांनी उष्ण कटिबंधात जावे, आणि निरनिराळ्या अक्षांशांची व उंचीची दृश्ये दाखविणाऱ्या पॅनोरामाच्या इमारती नगरोनगरी उभारून त्या लोकांना खुल्या कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. तो ग्रंथ वाचून चर्च १८५३ व १८५७ साली हुम्बोल्ट यांच्याच वाटेने दक्षिण अमेरिकेत गेला.

हुम्बोल्ट यांना विनामूल्य दर्शन अभिप्रेत होते आणि चर्चने तर तिकीट लावले, हा आक्षेप वजनदार आहे. माझे अनुमान असे, की ज्याच्या पाठीशी सरकारी खजिना नाही अशा चित्रकाराने ती योजना आपल्या ऐपतीनुसार अमलात आणली. उद्देश बदलला नाही, केवळ खर्चाची तजवीज बदलली.

हे चित्र वृद्ध हुम्बोल्ट यांना दाखविण्यासाठी बर्लिनला पाठविण्याचा चर्चचा मनोदय होता. प्रदर्शन चालू असतानाच, ६ मे १८५९ रोजी, हुम्बोल्ट निवर्तले आणि तो मनोदय सिद्धीस गेला नाही. तरीही आपल्या कृतीची पारख कोणी करावी असे चर्चला वाटत होते, हे त्यातून स्पष्ट होते. म्हणून या चित्राचे कुळ सांगताना कोल आणि बार्कर यांच्याआधी हुम्बोल्ट यांचे नाव घेतले पाहिजे.