विकण्याची वेळ : बुलढाण्यातील म्हातारपणाच्या पुंजीचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील नोकरदारांची म्हातारपणाची पुंजी शेअर बाजाराच्या हवाली झाली ती 2005 नंतर, हे खरे असले तरी या भागातील साठवण बाजाराच्या चढउतारात सापडण्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. आणि या सबंध काळात घरे खचली ती भाव पडल्यामुळे जितकी, त्याहून अधिक पडत्या भावातच विकणे भाग पडल्यामुळे.

1853 मध्ये बुलढाणा ज्यात येतो त्या वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यानंतर दहा वर्षे होतात न होतात तोच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले आणि त्या पैशातून शेअरांचा प्रचंड सट्टा उभा राहिला. युद्ध संपताच भाव कोसळले, 1 जुलै 1865 च्या मुदतीचे वायदे, म्हणजे पुढील तारखेला ठरल्या भावाने माल देण्याघेण्याचे करार, पुरे करता न आल्याने मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. जिल्ह्याच्या घाटाखालच्या, म्हणजे डोंगराखालच्या, काळ्या जमिनीतील कुणब्याजवळ एकही शेअर नव्हता, तरी कापसाच्या भावातून तो हादरा त्याच्यापर्यंत पोचलाच. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला झाला आणि त्याच वर्षी समुद्री तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेल्याने तिथल्या लिव्हरपूलच्या कापूस बाजारातील तेजी-मंदी खामगावच्या बाजारात लवकर उमटू लागली. (खामगाव तालुका त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता, तो बुलढाण्यात आला 1905 च्या फेररचनेत.) ज्याच्या डोक्यावर सावकाराचे देणे नव्हते त्याला कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहता येई, बाकीच्यांना वेचणी होताच, बाजार मालाने तुंबलेला असताना, मिळेल त्या भावाने गाडी रिकामी करावी लागे.

पिकातून उरलेला पैसा चांदीत जाई. गोठ, तोडे, वाळे हे लेणे तर होतेच, पण अडीअडचणीला आणि उतारवयाला मोडायची ती ठेवही होती, आणि तिच्यामागे एक भक्कम आधार होता : कोणालाही टांकसाळीत चांदी नेऊन, थोडी पाडणावळ भरून, तिचे रुपये पाडून घेता येत. जून 1893 मध्ये सरकारने हा मार्ग बंद केला. जगात चांदी स्वस्त होत चालली होती आणि रुपया तिच्यासोबत घसरू नये, असा त्यामागचा हेतू होता. परिणाम मात्र असा झाला की रुपयाची किंमत टिकली आणि घरातल्या चांदीची गेली. रुपया एक तोळ्याचा आणि सोळा आण्यांचा, पण 1899–1900 च्या दुष्काळात तेवढ्याच वजनाच्या त्याच कसाच्या चांदीची किंमत जागतिक भावाने सुमारे दहा आणेच भरत होती. त्यातच गावेच्या गावे एकाच हंगामात डाग मोडायला सराफाच्या दारी गेल्यावर हातात काय पडले असेल, याचा अंदाज करता येतो. चलन सावरताना गरिबाची तिजोरी हलकी करणाऱ्या या निर्णयाकडे आर्थिक इतिहासात जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही.

चढउताराचा भार एकट्याच्या खांद्यावरून सर्वांच्या खांद्यावर घेण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना. हमीभावाने राज्यातील सगळा कापूस सरकारने घ्यायचा आणि चांगल्या वर्षीच्या नफ्यातील काही भाग ‘भाव चढउतार निधी’त टाकून वाईट वर्षी त्यातून भर घालायची, ही कल्पना मुळात अत्यंत शहाणपणाची होती, पण साठत गेलेल्या तोट्याखाली योजना दबली आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार संपला.

त्याच सुमारास नोकरदारांच्या बाबतीत भार उलट दिशेने सरकला. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या सेवेत लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन न मिळता अंशदान योजना लागू झाली. म्हणजे पगारातून कापलेली रक्कम आणि सरकारचा वाटा गुंतवायचा आणि जे साठेल त्यावर म्हातारपण काढायचे. पुढे ही योजना ज्यात सामावली गेली त्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत शेअरांचा हिस्सा 15 टक्क्यांपर्यंत मर्यादित राहिला, बाकीची रक्कम मुख्यतः रोख्यांत. जानेवारी 2020 च्या मध्याला 41,900 च्या पुढे बंद झालेला सेन्सेक्स 23 मार्चला 25,981 वर आला, म्हणजे सुमारे 38 टक्क्यांनी पडला; मेहकर किंवा चिखलीच्या एखाद्या शिक्षकाचे दहा लाख साठले असतील आणि त्यांतले दीड लाख शेअरांत असतील, तर ही घट साधारण 57 हजारांची. नोव्हेंबरात निर्देशांक पुन्हा 42,000 वर गेला, त्यामुळे नोकरीत असलेल्याने तेवढे महिने कळ काढली की भागले, उलट त्याच्या दरमहाच्या कपातीत स्वस्त शेअर पडले. त्या मार्चअखेरीस सेवा संपून आपली पुंजी बाजारातून काढून घेणाऱ्याचा तोटा मात्र कायमचा झाला. नियमांनी येथे थोडी सैल जागा ठेवली : रक्कम लगेच न काढता काही वर्षे राहू देता येते आणि एकरकमी मिळणारा भाग 2023 पासून हप्त्याहप्त्याने घेता येतो.

मार्च 2023 मध्ये राज्यभरातील कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले तेव्हा वाद व्याजदराचा नव्हता, पडत्या बाजाराची झळ निवृत्त होणाऱ्याने सोसायची की शासनाने, याचा होता. 2024 मध्ये राज्य सरकारने पुरेशी सेवा झालेल्यांना पगाराच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारा पर्याय मान्य केला. कापूस विकून उतारवयाची सोय पाहणाऱ्या, घाटावरच्या आणि घाटाखालच्या शेतकऱ्याला अशी हमी त्यातून मिळालेली नाही.