नाशिकच्या विणकरांकडे ठेवलेली एफडी

"नाशिक वर्ल्ड क्लास होणार" हे आपण किती वर्षं ऐकतोय? २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत नाव आलं. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. दर वेळी वर्ल्ड क्लास म्हणजे काहीतरी नवीन बांधायचं, एवढंच. आज मी एक जुनं माप घेऊन आलोय. ते पांडवलेणीवर दगडात कोरलेलं आहे.

लेणं क्रमांक १०. तिथे उषवदाताचे शिलालेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई, जातीचा शक, म्हणजे आपल्यासाठी पक्का बाहेरचा माणूस. साधारण १९०० वर्षांपूर्वी त्याने लेणं दान केलं आणि त्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायमचे गुंतवले. कुठे? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे. गंगापूर रोडने गेलं की लागतं तेच हे गोवर्धन.

आता आकडे बघा. एका श्रेणीकडे २०००, शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वरच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मी इंजिनिअर, मला चेक केल्याशिवाय राहवत नाही. व्याज महिन्याचं धरलं तर वर्षाला २४० होतात. आणि २० गुणिले १२? बरोब्बर २४०! टेस्ट केस पास. पुढे लेख सांगतो की हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे गावाच्या सभेत, जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला. म्हणजे गावासमोर हिशोब उघडा.

याच उषवदाताने भडोच, दशपूर (आजचं मंदसौर), गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या. दमणगंगा, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या. ही सगळी सोय वाटेवरच्या अनोळखी माणसाची. लेणं क्रमांक १७ तर इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवलंय. तो उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा. आईवडिलांच्या नावाने दान करायला त्याला नाशिक सापडलं.

पण मला खरी ग्रेट वाटते ती पुढची गोष्ट. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये आपल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने पुन्हा स्वतःचा छाप मारलाय. राज्य गेलं, नाण्यावरचा चेहरा गेला. नंतर सातवाहनही गेले, आभीर आले. आणि आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाची एक शक बाई काय करते? आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी परत इथल्या श्रेणींकडेच पैसे ठेवते! त्यात तेल गाळणारे आहेत. 'ओदयंत्रिक' पण आहेत, म्हणजे पाण्याची यंत्रं बनवणारे, असा अर्थ अभ्यासक लावतात. त्यांच्याकडे २००० कार्षापण.

म्हणजे राजे बदलत राहिले आणि बाहेरून आलेली माणसं विणकर-तेल्यांच्या भरवशावर कायमचे पैसे ठेवत राहिली. माझ्या मते वर्ल्ड क्लास ते हे. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ स्मार्ट रोड झाला, ठीक आहे, रस्ते हवेतच. पण सिंहस्थाला लाखो लोक येतील तेव्हा त्यांना प्यायचं पाणी कुठे मिळतं, रात्री टेकायला जागा मिळते का, आणि झालेल्या खर्चाचा हिशोब कुठल्या 'फलकावर' वाचायला मिळतो, हे मी बघणार आहे. तुम्हीपण बघा.

पुढच्या एपिसोडमध्ये जोगलटेंभीची नाणी. भेटू!