स्तंभ आणि त्याचे वाचक

राहूहून पुणे-अहिल्यानगर रस्त्याला आलो की भीमेकाठी, पेरणे येथे, कोरेगावचा जयस्तंभ आम्हांला थांबवतो. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने १८२१ मध्ये त्याची पायाभरणी केली. मराठी व इंग्रजी लेखात गौरव आहे तो कंपनीच्या फौजेचा. पण त्यावरील ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे महार सैनिकांची. ‘नाक’ या प्रत्ययाने ती ओळखू येतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले. पुढे त्याच नावांमधून पिढ्यांनी आपला आत्मसन्मान वाचला. संहितेचा अर्थ कर्त्याच्या हाती किती उरतो, हा प्रश्न आम्ही वर्गात चर्चितो. येथे तो दगडावर कोरलेला आहे.