घरगुती बिअर : माल्टच्या अर्काचे तंत्र

नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. बिअरसाठीचा माल्टही याच तत्त्वावर तयार होतो. फरक इतकाच, की धान्य जवाचे असते. मोड आल्यावर दाण्यातील पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून ही साखर उतरवायची आणि ते पाणी आटवायचे, की अर्क मिळतो. तो काकवीसारखा दाट असतो किंवा कोरड्या भुकटीच्या रूपात मिळतो. दाट अर्कात सुमारे २० टक्के पाणी असल्याने त्याच्या एक किलोऐवजी ८०० ग्रॅम भुकटी पुरते. २० लिटर बिअरसाठी तीन किलो दाट अर्क घेतल्यास विशिष्ट गुरुत्व १.०४५ च्या आसपास येते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हा पाक 'पाव भाजण्यासाठी' म्हणून उघडपणे विकला जाई. त्यातला पावात किती गेला, हे सांगायला नको. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली, तर अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने तिला मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.

अर्काच्या बिअरला लागणारी उग्र, शिळी चव बहुधा जुन्या अर्काची असते. दाट अर्क साठवणुकीत काळवंडत जातो. म्हणून डब्यावरील तारीख पाहणे हे पाककृतीपेक्षाही महत्त्वाचे. भुकटी अधिक टिकते, पण दमट हवेत तिचा दगड होतो.

दुसरा शत्रू म्हणजे आच. अर्क जड असल्याने तळाशी बसून करपतो. त्यामुळे तो घालताना पातेले आचेवरून उतरवावे आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून मगच पुन्हा चढवावे. कडवटपणासाठी हॉप्स तासभर उकळावे लागतात, पण सगळा अर्क तितका वेळ उकळण्याची गरज नसते. काही भाग सुरुवातीला आणि उरलेला अखेरच्या १५ मिनिटांत घातल्यास रंग फिका राहतो. उकळी फुटताना फेस उतू जातो, तेव्हा पातेले मोठेच हवे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढले नाही तर बिअरला औषधी वास येतो. उकळलेला रस २० अंश सेल्सिअसपर्यंत लवकर थंड करून मगच यीस्ट घालावे. गरम रसात ते मरते. यापुढे लागणारे प्रत्येक भांडे निर्जंतुक असलेच पाहिजे.

अर्काच्या बिअरचे किण्वन कधीकधी १.०२० च्या आसपास रेंगाळते. ते थांबले की संपले, हे बुडबुड्यांवरून कळत नाही. गुरुत्वमापकाचा आकडा अपेक्षित पातळीवर उतरून सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्यावरच लिटरमागे पाच ते सात ग्रॅम साखर घालून बाटल्या भराव्यात. घाई केल्यास आतील वायूच्या दाबाने काच फुटते आणि त्यातून गंभीर इजा होऊ शकते.