सरकारी फॉर्म सोपा करणारी टीम नेमकं काय करते? ब्रिटनच्या ‘जीडीएस’ची गोष्ट

रात्री अकरा वाजता तुम्ही ऑनलाईन अर्ज भरताय. सगळी कागदपत्रं अपलोड झाली आणि शेवटच्या पानावर मेसेज आला, ‘सेशन एक्सपायर्ड’. आता परत पहिल्यापासून. अशा वेळी बरेच जण स्वतःलाच दोष देतात, ‘आपल्याला हे जमत नाही बुवा.’ पण अर्ज अर्धवट राहिला की पेन्शन अडते, भत्ता अडतो, दाखला अडतो.

चूक माणसाची नाही, फॉर्मची आहे, असं मानून काम करणारी टीम सरकारमध्येच असेल तर? ब्रिटनमध्ये अशी टीम उभी राहिली.

सुरुवात कशी झाली?

२०१० मध्ये उद्योजिका मार्था लेन फॉक्स यांनी ब्रिटिश सरकारला एक अहवाल दिला. वेगवेगळ्या खात्यांच्या विखुरलेल्या वेबसाईट्सऐवजी लोकांना एकच दार द्या, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातून २०११ मध्ये ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ म्हणजे जीडीएस तयार झाली. १७ ऑक्टोबर २०१२ ला ‘गव्ह डॉट यूके’ ही वेबसाईट अधिकृतपणे सुरू झाली आणि २०१३ मध्ये तिला लंडनच्या डिझाईन म्युझियमचा ‘डिझाईन ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला.

गंमत म्हणजे साईट दिसायला अगदी साधी आहे. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, फोटो जवळपास नाहीतच. अक्षरांचं वळण ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवरून घेतलेलं. पुरस्कार मिळाला तो सजावटीसाठी नाही, काम पटकन होतं म्हणून.

डिझायनर आणि युजर रिसर्चर काय करतात?

युजर रिसर्चर लोकांना समोर बसवून फॉर्म भरायला देतो आणि ते कुठे अडखळतात ते बघतो. एका फेरीत साधारण पाच-सहा जण पुरतात, पण अशा फेऱ्या सतत घ्याव्या लागतात. त्यात अपंग व्यक्ती आणि इंटरनेटची सवय नसलेले लोक असायलाच हवेत. सुरुवातीलाच सांगितलं जातं, ‘परीक्षा फॉर्मची आहे, तुमची नाही.’

जे दिसलं त्यावरून डिझायनर फॉर्म बदलतो. एका पानावर एकच गोष्ट विचारायची, ही जीडीएसची ठरलेली पद्धत. नावासाठीही शक्यतो एकच रकाना ठेवा, असं त्यांचं मार्गदर्शन सांगतं, कारण जगभरात नावांची रचना वेगवेगळी असते. ‘मिडल नेम’मध्ये वडिलांचं नाव लिहायचं की नवऱ्याचं, या प्रश्नावर अडलेल्या मराठी माणसाला यातलं शहाणपण लगेच कळेल.

मग टीमच्या प्रमुखाचं काम काय?

जीडीएसच्या सुरुवातीच्या काळात डिझाईनचं नेतृत्व बेन टेरेट यांच्याकडे होतं, तर युजर रिसर्चचं लीसा रायकेल्ट यांच्याकडे. अशा प्रमुखाची मुख्य कामं चार.

१. माणसं विखुरणं, पण एकटी न पाडणं. डिझायनर आणि रिसर्चर वेगळ्या खोलीत बसत नाहीत. ते प्रोग्रॅमर आणि धोरण ठरवणाऱ्यांसोबत एकाच टीममध्ये काम करतात. भरती, प्रशिक्षण आणि कामाचा दर्जा मात्र प्रमुख सांभाळतो.

२. सगळ्यांना लोकांसमोर बसवणं. टीममधल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास प्रत्यक्ष रिसर्च बघावा, अशी जीडीएसची शिफारस आहे. फॉर्म भरताना रडकुंडीला आलेला माणूस स्वतः पाहिला की साहेबांना वेगळा रिपोर्ट वाचून दाखवावा लागत नाही.

३. प्रत्येक प्रश्नाचा हिशोब मागणं. ही माहिती कोणाला हवी? कशासाठी? उत्तर मिळालं नाही तर प्रश्न काढून टाका. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना मिळणाऱ्या ‘केअरर्स अलाऊन्स’च्या ऑनलाईन अर्जातून असे जवळपास निम्मे प्रश्न कमी झाले.

४. ‘अजून तयार नाही’ असं सांगणं. २०१४ पासून नव्या डिजिटल सेवांना ठरलेल्या निकषांवर तपासणी द्यावी लागू लागली. सुरुवातीला २६ निकष होते, २०१९ मध्ये ते १४ झाले. पहिला निकष आजही तोच आहे, लोकांची गरज समजून घ्या.

सगळं यशस्वी झालं का?

नाही. ऑनलाईन ओळख पटवण्यासाठी जीडीएसनेच ‘व्हेरिफाय’ नावाची सेवा आणली. २०२० पर्यंत अडीच कोटी वापरकर्ते हे लक्ष्य होतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार आकडा ३६ लाखांवरच होता आणि ओळख पटवण्याचे निम्म्याहून जास्त प्रयत्न फसत होते. ती सेवा २०२३ मध्ये बंद झाली. म्हणजे पडदा कितीही सोपा केला, तरी मागची यंत्रणा आणि खात्यांचा सहभाग नसेल तर माणूस अडतोच. म्हणूनच प्रमुखाचा बराच वेळ स्क्रीनपेक्षा खात्यांच्या बैठकांमध्ये जातो.

आपल्याला याचं काय?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे आणि उशीर झाला तर अपील करता येतं. पण मुदत मोजायला सुरुवात होते ती परिपूर्ण अर्ज पोहोचल्यावर. ज्याचा अर्ज तिसऱ्या पानावरच अडला, त्याची मुदत कधी सुरूच होत नाही आणि तो कोणत्याही आकडेवारीतही दिसत नाही.

तो माणूस शोधणं, हेच या टीमचं खरं काम. पुढच्या वेळी फॉर्म अडला तर स्वतःला बोल लावू नका. कोणत्या पानावर, कोणत्या प्रश्नावर अडला ते स्क्रीनशॉटसह तक्रारीत लिहा. फॉर्म सुधारायला बसणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते.