सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम : क्लीन इन्स्टॉल की अपग्रेड

सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती बदलण्याच्या दोन पद्धती. डिस्क कोरी करून किंवा नव्या यंत्रावर सगळे पहिल्यापासून बसवणे म्हणजे क्लीन इन्स्टॉल. प्रोग्रॅम, सेटिंग आणि डेटा जागेवर ठेवून फक्त आवृत्ती चढवणे म्हणजे इन-प्लेस अपग्रेड. दरमहा येणारे सुरक्षा-पॅच या निवडीत मोडत नाहीत, ते लावायचेच असतात.

विंडोज सर्व्हर २०१२ व २०१२ आर२ यांचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टीमचा ३० जून २०२४ रोजी. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत आवृत्ती बदलण्याचा हा निर्णय सहसा अकाउंट्स विभागातल्या एकुलत्या सर्व्हरबाबत घ्यावा लागतो. टॅली, पगार, हजेरी आणि सर्वांचे सामायिक फोल्डर त्याच यंत्रावर असतात. सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस सापडत नाही, इन्स्टॉलर हरवलेला असतो, म्हणून अपग्रेड सोयीचे वाटते. पण अपग्रेडमध्ये जुन्या खोडीही सोबत येतात. विंडोज सर्व्हर २०१९ कोरे बसवले तर एसएमबी-१ ही फाइल-देवाणघेवाणीची जुनी पद्धत त्यात मुळातच नसते. जुन्या आवृत्तीवरून चढवल्यास ती चालू राहू शकते. मे २०१७मधील वॉनाक्राय हा खंडणी-व्हायरस याच वाटेने पसरला आणि जूनमध्ये जेएनपीटीतील एका टर्मिनलचे काम ठप्प करणाऱ्या नॉटपेट्यानेही ही वाट वापरली होती.

त्यामुळे शक्य तिथे नवे यंत्र शेजारी उभे करून, जुने चालू ठेवूनच क्लीन इन्स्टॉल करावे. समुद्राची खारी हवा आणि रासायनिक वाफा यांनी गंजलेल्या बोर्डावर नवी सिस्टीम चढवण्यात तसाही अर्थ नाही. फॉरमॅट मारण्याआधी टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करावा आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून, लेजर उघडून पाहावा. नेटवर्कवरील लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरबाबत, म्हणजे डोमेन कंट्रोलरबाबत, मायक्रोसॉफ्टचा सल्लाही नवा सर्व्हर जोडून जुना निवृत्त करण्याचाच आहे.

अपग्रेडलाही जागा आहे. यंत्र सुस्थितीत असेल आणि प्रोग्रॅम पुन्हा बसवता येणारच नसेल, तर तोच मार्ग उरतो. मात्र २०१२ आर२वरून थेट २०२२वर जाता येत नाही, मध्ये २०१६ किंवा २०१९चा टप्पा लागतो. २०२५वर मात्र थेट जाता येते. डेबियन लिनक्समध्ये एकेक आवृत्ती ओलांडावी लागते. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली तर सर्व्हर सुरूच न होण्याचा धोका असतो, म्हणून पावसाळ्यात यूपीएसची बॅटरी आधी तपासावी.

औषध कारखान्यांत नियम आणखी कडक असतात. एचपीएलसी या चाचणी-उपकरणाचा डेटा साठवणाऱ्या सर्व्हरवर कोणतीही पद्धत वापरली तरी आधी चेंज कंट्रोल मंजूर करून घ्यावा लागतो आणि नंतर व्हॅलिडेशनची कागदपत्रे तयार करावी लागतात. तिथे उपकरण-कंपनीने मान्य केलेली आवृत्तीच बसवायची, मग ती सर्वांत नवी नसली तरी चालते. जुन्या नोंदी त्यांच्या ऑडिट ट्रेलसह नव्या सर्व्हरवर उघडून दाखवता येईपर्यंत जुनी डिस्क पुसायची नसते.